खांदेरीजवळचा ठिपका

सकाळी चहाचा कप कीबोर्डच्या उजवीकडे ठेवताना माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेलं आणि जाणवलं, आकडे हललेले नाहीत. एवढंच झालं. फोन वाजला नाही, दार वाजलं नाही, खाली फाटकापाशी दूधवाल्याचं आणि वॉचमनचं नेहमीचं भांडण नेहमीच्याच पट्टीत चाललं होतं. स्क्रीनच्या त्या कोपऱ्यात मी माझ्या भावाला ठेवलेलं आहे, म्हणजे त्याच्या होडीचा ठिपका. रेवदंड्याच्या मच्छीमारांनी मिळून एका छोट्या कंपनीकडून सगळ्या होड्यांवर एकेक डबा बसवून घेतला. तो डबा थोड्या थोड्या वेळानं आपण कुठे आहोत ते कळवत राहतो आणि ते नकाशावर दिसतं. गणराजनं मला पासवर्ड दिला तेव्हा म्हणाला होता, घे बाई, आता ठेव माझ्यावर पाळत. मी ठेवते. उलव्यातल्या सहाव्या मजल्यावर, खिडकीतून न्हावा शेव्याच्या क्रेन दिसत असताना, मी दिवसभर लोकांच्या चुका शोधते आणि मधूनमधून धाकट्या भावाच्या ठिपक्याकडे बघून घेते. ठिपक्याखाली दोन ओळी असतात. एकीत शेवटच्या संपर्काची वेळ, दुसरीत जागा, दशांशाच्या पुढे बरीच घरं असलेली. वेळ आज पहाटेची होती. जागा मात्र काल संध्याकाळी काम बंद करताना पाहिली होती तीच, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. मला आकडे लक्षात ठेवायची खोड आहे, गाड्यांचे, लोकांच्या फोनचे, नको असलेले सगळे. ती खोड नसती तर मी चहा पिऊन टाकला असता.

नांगर टाकून असेल, असं कुणीही म्हणेल. मीही क्षणभर म्हटलं. पण नांगरलेली होडीसुद्धा एका जागी राहत नाही, हे मला वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. बाबा मला एकदा खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले होते. होडी नांगरलेली, ऊन चढलेलं, आणि मला कंटाळा आला म्हणून मी एक डोळा मिटून अंगठ्यामागे कोर्लईच्या किल्ल्याचं टोक लपवायचा खेळ काढला. टोक लपेना. आत्ता अंगठ्याआड आहे म्हणावं तोवर डावीकडून बाहेर, मग उजवीकडून. मी रडकुंडीला आले. बाबा जाळं नीट करत होते, मान वर न करता म्हणाले, "दर्या कुणाला उभा ऱ्हाऊ देत न्हाय गो, नांगर टाकला तरी न्हाय." आज ते नाहीत, पण ते वाक्य आहे, आणि डिझेलचा आणि उन्हात तापलेल्या नायलॉनचा वासही आहे. स्क्रीनवरची होडी रात्रभर, वाऱ्यात, केसभरही हललेली नव्हती. असं समुद्रात होत नाही. असं फक्त फाइलमध्ये होतं, आणि फाइलमध्ये काय काय होतं ते मला पगार देऊन विचारलं जातं.

माझं काम लोकांना सांगता येत नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं तर कम्प्युटरमध्ये आहे म्हणते आणि भाताकडे वळते. मी कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला असा भाग, ज्याच्याशी कुणाचा थेट संबंध येत नाही आणि ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. त्यातही माझा तुकडा फार लहान. काही प्रोग्राम फाइल वाचत-लिहीत नाहीत, ती सरळ मेमरीत पसरतात. प्रोग्रामला वाटतं आपण फाइलवरच लिहितोय. खरं तर तो मेमरीतल्या तिच्या पानावर लिहीत असतो, आणि ते पान डिस्कवर कधी उतरवायचं हे कर्नल आपल्या सवडीनं ठरवतो. कुठलं पान उतरवायचं राहिलंय ते कळावं म्हणून त्या पानाला एक खूण असते. आई खळ्यात जवळा वाळत घालायची तेव्हा कुठवर उलटून झाला ते कळावं म्हणून एक दगड ठेवायची. आम्ही पोरं खेळता खेळता तो दगड पुढं सरकवायचो, आणि मग मधला पट्टा खालून ओलाच राहायचा. वरून दिसायचा छान, गुलाबी, कोरडा. दोन दिवसांनी वास सुटायचा तेव्हा कळायचं. माझ्या कामात वासही सुटत नाही. मला सापडलेली चूक अशी आहे: अगदी घाईच्या एका क्षणी, पान डिस्कवर उतरत असतानाच प्रोग्राम त्यावर पुन्हा लिहितो, आणि कर्नल आपलं काम झालं असं समजून खूण पुसून टाकतो. त्यानंतर लिहिलेलं सगळं मेमरीत असतं, दिसतं, वाचता येतं, पण कर्नलच्या लेखी ते लिहिलेलंच नसतं. मग कधीतरी मेमरी कमी पडते, कर्नल ते पान खुशाल टाकून देतो आणि पुढल्या वेळी डिस्कवरचं जुनं उचलून आणतो. तक्रार नाही, इशारा नाही. जुनं पान तितकंच नीटनेटकं असतं.

यावर मी दुरुस्ती लिहून पाठवली त्याला पाऊस होऊन गेला. ती तपासणारे गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहतात, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण माणूस सभ्य आहे. त्यांचं उत्तर कालच आलं होतं आणि मी ते चहाबरोबर वाचायला ठेवलं होतं. तुमचा तर्क बरोबर वाटतो, त्यांनी लिहिलं होतं, परंतु या दुरुस्तीमुळे सगळ्यांचाच वेग थोडा कमी होणार. प्रत्यक्षात कुणाचं काही हरवल्याचं एखादं उदाहरण दाखवता येईल का? मला त्यांचा राग आला नाही, हे मुद्दाम सांगते. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. सगळ्या जगानं रोज चिमूटभर हळू चालायचं, ते कशासाठी, हे कुणीतरी विचारलंच पाहिजे. मी ते उत्तर वाचत होते, कोपऱ्यात आकडे तसेच होते, आणि तेवढ्यात सदाचा फोन आला.

सदा माझा चुलतभाऊ, गणराजच्याच वयाचा, दोघांच्या होड्या बंदरात शेजारी लागतात. तो घाबरलेला असला की आधी इकडचं तिकडचं बोलतो. जेवलीस का, तिकडं वारा आहे का, असं विचारून मग म्हणाला की रात्री वारा फिरला म्हणून पहाटेपासून सगळ्या होड्या परत आल्या, गणराजची तेवढी आली नाही. त्याच्याबरोबर दोन खलाशी आहेत. मोबाइल लागत नाही. वायरलेसवरही उत्तर नाही. पण काळजीचं कारण नाही, डब्यावर पहाटेची जागा दिसते आहे, खांदेरी बेटाच्या बाहेर, इंजिन बंद पडलं असेल, आम्ही चार होड्या घेऊन निघतो आहोत. तटरक्षक दलालाही तीच जागा कळवली आहे. मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, भरती साधायची आहे, फार थांबता यायचं नाही.

डब्यांच्या कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसात प्रणय नावाचा मुलगा आहे, चांगला मुलगा, त्याचा नंबर गणराजनंच दिला होता. त्यानं उत्साहानं सांगितलं, "मॅम, मी सकाळीच चेक केलं, एकही एरर नाहीये. बाकीच्या सगळ्या बोटी करेक्ट दिसतायत, मग एकच कशी चुकेल?" मी त्याला दोन फाइलींच्या वेळा बघायला सांगितल्या. संपर्काच्या वेळांची फाइल आज पहाटे डिस्कवर उतरली होती. जागांची फाइल काल संध्याकाळनंतर रात्रभर उतरलेलीच नव्हती. मधे पहाटे बॅकअप चालतं तेव्हा मेमरी भरली होती. हे मी कागदावर शंभरदा मांडलेलं होतं, बाणांची चित्रं काढून, आणि आता कुणीतरी त्याच चित्रात माझ्या भावाला नेऊन ठेवलं होतं. बाकीच्या होड्या बरोबर दिसत होत्या, कारण जुनं पान परत आल्यावरही त्यांचे डबे बोलत होते. बोलणाऱ्याची चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते. जो गप्प झाला त्याचीच तशी राहते. प्रणयला हे मी सांगितलं, त्याला ते कळलंही, हुशार आहे. म्हणाला, "मॅम, मग राइट पोझिशन कुठे मिळेल?" मी म्हटलं, कुठेच नाही. जुना माग साठवून ठेवायचं काम त्यांनी पुढल्या वर्षावर टाकलं होतं. त्यानं सॉरी म्हटलं. मीही म्हटलं, का कुणास ठाऊक.

मग मी सदाला फोन लावला. जिना उतरत होते, गाडीची किल्ली हातात होती, आणि मला अजून वाटत होतं की माझ्यापाशी सांगण्यासारखं काही आहे.

"सदा, तो ठिपका खोटा आहे. कालचा आहे. पहाटे गणा तिथं नव्हता."

"मंग कुठं व्हता?"

"ते मला माहीत नाही."

मागे इंजिनांचा आवाज येत होता, कुणीतरी दोर सोडा म्हणत होतं. "सुचे," तो म्हणाला, "मना एक जागा सांग. तू बोलशील तिथं जातो. दर्या केवढा हाय ते तुना ठाव हाय."

मी तशीच जिन्यात उभी राहिले. इतकी वर्षं शिकले, परदेशातल्या सभांमधून बोलले, माझ्या कामाबद्दल लोक चांगलं लिहितात. आणि माझ्यापाशी होतं काय, तर एवढंच ज्ञान की जे आहे ते खरं नाही. खरं काय, ते त्यात कुठेच नव्हतं. जे पान टाकून दिलं ते गेलं. त्याचा कुठे कपटाही पडत नाही. मग सदाच माझी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, खांदेरीला जातो, काय न्हाय त्यापरीस बरं. मी बरं म्हटलं. मला नको म्हणायचं होतं, पण नको म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही.

पेणपर्यंत ट्रेलरमागून ट्रेलर. कंटेनरवर मोठमोठी अक्षरं, आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही आणि तरी सगळं बरोबर जागी पोचतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आपण घरात कुणाला विचारावं, तर कुणालाच ठाऊक नसणार. आमच्याकडे दर्यावर निघालेल्याला कुठं चाललास म्हणून विचारत नाहीत. तसं ते कुणाच्याच घरी विचारत नाहीत, पण बाकीच्यांकडे विचारलं तर फार तर काम होत नाही, आमच्याकडे माणूस येत नाही. चुकून कुणी विचारलंच तर निघालेला माणूस परत घरात येतो, बसतो, घोटभर पाणी पितो आणि मग नव्यानं निघतो. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. बाबा निघायचे तेव्हा आई मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसायची, प्रश्न तोंडातून निसटू नये म्हणून. लहानपणी मला ते विलक्षण मायेचं वाटायचं, पुढे शिकल्यावर अडाणीपणाचं वाटायला लागलं, आणि आता दोन्ही वाटत होतं. डबे बसवले त्या दिवशी आई भडकली होती. "आमी जल्मात कदी विचारलं न्हाय, आन ह्यो डबा घडीघडीला विचारतोय, कुठं हायस, कुठं हायस." आम्ही सगळे हसलो होतो. गणराज तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. घरातल्या कुणी विचारायचं नाही म्हणून तर डबा हवा, असं मीच तिला समजावलं होतं. डब्याला विचारायला बंदी नाही, आई.

अलिबाग सोडून नागावात शिरले तर रस्त्यावर शनिवारची गर्दी. नारळाच्या वाड्यांतून होमस्टेच्या पाट्या, ओले टॉवेल वाळत घातलेले, कुठेतरी गाणी. किनाऱ्यावर लाल निशाण लावून वॉटर स्पोर्ट्स बंद केले होते म्हणून एक कुटुंब वैतागून गाडीत परत बसत होतं. बापानं काच खाली करून मला विचारलं, आजचा दिवस असाच राहणार का हो? मी म्हटलं, माहीत नाही. दिवसभरात मी तेवढं एकच वाक्य सगळ्यांना सांगत होते. नारळांचे शेंडे एका बाजूला कललेले होते, आणि काच वर करूनही वारा आत येत होता, बारीक वाळू घेऊन. मधेच मला गणराजचा चेहरा आठवेना. आवाज आठवत होता, चालणं आठवत होतं, चेहऱ्याच्या जागी तो निळा ठिपका येत होता. मी गाडी बाजूला घेतली आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढून पाहिला. मग पुढे निघाले.

घरी ओट्यावर बायका बसल्या होत्या, खलाशांच्या घरच्याही होत्या. कुणी रडत नव्हतं. आई मधोमध पाय लांब करून बसली होती आणि निवडायला घेतलेला सुका जवळा तिच्यापुढे सुपात तसाच होता. माझी आई, सोनाबाई, गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आलीस, एवढंच म्हणाली. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण बायका माझ्याकडे आशेनं बघत होत्या. मी मुंबईकडून आले होते, कम्प्युटरवाली होते, आणि डबा कम्प्युटरचाच होता. एकीनं विचारलं, तुला दिसला का गो कुठं? मी त्यांना सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून, की डबा दाखवतो ती जागा कालची आहे. पहाटेची नाही. हे ऐकून त्यांच्यापैकी कुणाला काही झालं नाही, त्यांना वाटलं मी काहीतरी कामाचं बोलते आहे. फक्त दाराशी उभ्या असलेल्या नूतनच्या हातातला पाण्याचा तांब्या कलला आणि पाणी उंबऱ्यावर सांडलं.

नूतन गणराजची बायको. लग्नाला फार वर्षं नाहीत, चौलची, बोलायला मऊ, आईच्या तोंडापुढे तिचा आवाज अजून फुटत नाही. ती आत गेली तशी मी मागोमाग गेले. मागल्या पडवीत जाळ्यांचे ढीग आणि जुनी बर्फाची पेटी होती, तिथं ती भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, ती जागा खरीच न्हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मी विचारलं व्हतं त्यांना," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं ते असं, थांबत थांबत, मधे दोनदा ओट्याकडे कान देत. काल निघताना तो उंबऱ्याबाहेर पडला होता. हिच्या मोबाइलवर वाऱ्याचा इशारा आला होता, त्याच भीतीत तोंडातून निघून गेलं, कुठं चाललाव? तो चिडला नाही. परत आला, बसला, तिच्या हातचं पाणी प्यायला. आणि मग, आधीच विचारून बसलीस तर ऐक, असं म्हणून त्यानं हसत सांगितलंही. खांदेरीला जाळं टाकतो. तिथं पापलेट लागली नाही तर रात्रीच खाली जाईन, दिवेआगरसमोर, बाहेरच्या अंगाला. कुणाला बोलू नकोस. जागा कुणी सांगत नाही, ते एक, आणि आईला कळलं की तू विचारलंस तर तुझी खैर नाही, ते दुसरं. सकाळी होडी आली नाही तेव्हापासून ते शब्द हिच्या घशाशी येत होते. पण सदा म्हणाला डब्यावर पहाटेची वेळ आहे आणि जागा खांदेरीची आहे. "मंग मना वाटलं, ते खाली गेलेच न्हायीत. मशीन काय खोटं बोलंल? मंग मी कशाला बोलू? सगळी बोलली असती, हिनंच विचारलं म्हणून."

तिच्यावर मला रागवायचं होतं, म्हणजे निदान काहीतरी करता आलं असतं. पण रागवू कुणावर? खरी गोष्ट सकाळपासून या घरात होती, चुलीपासून चार पावलांवर, एका बाईच्या तोंडात, आणि तिला गप्प बसवलं होतं ते एका जुन्या, नीटनेटक्या पानानं. त्या पानाबद्दल मला जगात सगळ्यांत जास्त माहिती होती. मी नूतनचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं सदाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या होडीवाल्याला लावला. बंदरातल्या वायरलेसवर एका पोराला पळवलं, तो परत येऊन म्हणाला नुसती खरखर येते. मग मी तटरक्षक दलाच्या नंबरवर बोलले. पलीकडच्या अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं, जागा लिहून घेतली, उलट वाचून दाखवली. मग विचारलं, ही माहिती कुठून मिळाली? मी म्हटलं, त्याच्या बायकोनं निघताना विचारलं होतं. तो म्हणाला, मॅडम, सिस्टीमवर पहाटेची पोझिशन खांदेरीची आहे, आमचं जहाज तिकडेच निघालंय. मी त्याला सांगायला लागले. खूण, पान, मेमरी. माझं मलाच ऐकू येत होतं, लग्नाच्या पंगतीत बसून कुणी वेड्यासारखं बोलावं तसं. तो म्हणाला की तो वर कळवतो, शक्य होताच दक्षिणेलाही पाठवतील, वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरचं आत्ता सांगता येत नाही. वाईट माणूस नव्हता. दिवसभरात मला एकही वाईट माणूस भेटला नाही.

फोन खाली घेतला तेव्हा पडवीच्या दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. नूतन भिंतीला चिकटली, तिनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं आता आई फुटणार, आणि खरं सांगते, मला ते हवंसं वाटलं, निदान घरात आवाज तरी झाला असता. आई जवळ आली. तिच्या बोटांना जवळ्याचा चुरा लागला होता. तिनं नूतनचा पदर खाली ओढला आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पानी प्यायला व्हता ना? बसून?"

नूतननं मान हलवली.

"आनखी काय बोलला?"

"येतो बोलले."

आई मग माझ्याकडे वळली. जन्मात बाबांना न विचारलेला, गणराजला न विचारलेला, चुलीकडे तोंड करून गिळलेला तो शब्द तिच्या तोंडातून असा आला, की जणू तिला तो उच्चारायचाच कसा ते ठाऊक नव्हतं.

"कुठं?" ती म्हणाली. "दाखव मना. कुठं हाय ते."

मी फोनवर नकाशा उघडला. रेवदंडा, खाली मुरुड, त्याच्या खाली दिवेआगर, आणि डावीकडे सगळं निळं. तिथं काही नव्हतं. आईनं ते निळं बराच वेळ बघितलं. मग आपलं बोट त्यावर ठेवलं, किनाऱ्यापासून थोडं बाहेर, आणि दाबून धरलं, जसं काही ते उचललं तर तिथून काहीतरी सटकेल. "हितं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? बोटाबरोबर नकाशा हलत होता, तरी ती उचलेना. वर, स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला, सदाच्या होडीचा ठिपका बाकीच्या तिघांना घेऊन खांदेरीकडे सरकत होता. त्याच्याखालचे आकडे सारखे बदलत होते, आणि त्यातला प्रत्येक आकडा बरोबर होता.